नारळ कोणत्या हातात घ्यायचा

"अम्मा, दाल में गुड़ गिर गया है," एका जवानाने मावशींना हळूच सांगितलं. कुणाची तरी चूक चारचौघांत उघडी पडू नये, अशी काळजी त्याच्या आवाजात होती.

"गिरा नहीं, डाला है," मावशी म्हणाल्या आणि त्याच्या ताटात आणखी एक पळी आमटी वाढली.

त्याने शेजाऱ्याकडे पाहिलं, शेजाऱ्याने आपल्या ताटाकडे. दोघांनी निमूटपणे भात कालवला. ग्वाल्हेरच्या थाटीपुर भागातल्या एका सरकारी शाळेच्या व्हरांड्यात त्या दिवशी पंचवीस-तीस माणसं अशीच गोड डाळ गिळत होती. कोणी तक्रार केली नाही, कारण दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या पोटात गरम अन्न जात होतं. आम्ही मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेरात राहतो, निम्मं वाक्य हिंदीत बोलतो, पुण्याचे नातेवाईक आमच्या मराठीला हसतात. पण आमटीतला गूळ आम्ही सोडलेला नाही. तो दुसऱ्या कोणाला चालत नसेल, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

समुद्र आमच्यापासून इतका लांब की वादळ म्हटलं की आम्हाला मे महिन्यातली धूळ आठवते. त्या वर्षी मात्र अरबी समुद्रातलं एक चक्रीवादळ गुजरात ओलांडून राजस्थानात शिरलं. तिथे त्याचा वारा संपला आणि उरलेला पाऊस त्याने आमच्या भागावर ओतला. शहरात कडुलिंब उन्मळले, विजेचे खांब वाकले, आमच्या खासगी बाजार नावाच्या पेठेत दुकानांच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या. पण खरा मार बसला तो आमच्याकडच्या सिंध नदीच्या काठावरल्या गावांना. तिथल्या लोकांना छपरांवरून, झाडांवरून काढायला बोटी गेल्या. बोटींवर होमगार्डचे जवान होते, मागून वीज खात्याचे लाइनमन आणि अँब्युलन्सचे ड्रायव्हर. ही माणसं पाळीपाळीने थाटीपुरच्या शाळेत विश्रांतीला यायची, आणि तिथे आमचं पथक असायचं.

पथक हा शब्द जरा मोठा आहे. शहरातल्या एका मराठी मंडळातले आम्ही आठ-दहा स्वयंसेवक होतो. ही कल्पना मावशींची. त्या माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत, सगळ्यांच्याच. आयुष्यभर इस्पितळात नर्स होत्या, मेट्रन होऊन निवृत्त झाल्या. त्यांचं म्हणणं असं की रुग्णाला सगळे विचारतात, रुग्णाला आणणाऱ्या ड्रायव्हरला ‘तू जेवलास का’ असं कोणी विचारत नाही. म्हणून आमचं काम पूरग्रस्तांसाठी नव्हतं, त्यांना काढणाऱ्यांसाठी होतं. मावशींनी आम्हाला एका रविवारी बसवून तीन नियम सांगितले. ‘काय झालं’ असं विचारायचं नाही. कोणाला शूर म्हणायचं नाही. आणि ऐकलेलं व्हरांड्याबाहेर न्यायचं नाही.

तिसरा नियम ऐकून मी हात वर केला होता.

"आणि अन्याय ऐकला तर?"

"अन्याय त्याचा असतो," मावशी म्हणाल्या. "तो सांग म्हणाला तर सांग. नाही तर तोंड मिट."

मला तोंड मिटायची सवय नव्हती. माझे बाबा कामगार संघटनेत होते आणि आमच्या दोन खोल्यांत भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. गुलाबी, पिवळ्या, पोपटी कागदांचे गठ्ठे पलंगाखाली, कपाटावर, पिठाच्या डब्यामागे. मी अक्षरं त्यांवरूनच शिकले. मला उद्गारचिन्ह काना-मात्रेच्या आधी कळलं. शाळेचा गृहपाठही मी पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर करायचे, त्यामुळे आमच्या बाईंना माझ्या पाढ्यांमागे अधूनमधून ‘जाब द्या’ असं वाचायला मिळायचं. घरात एकच शिकवण होती: खरं कळलं की छापायचं आणि वाटायचं. खरं कळूनही गप्प बसणारा माणूस आमच्याकडे भित्राच समजला जायचा.

आणि त्या शाळेत छापण्यासारखं पुष्कळ होतं. जवान भिजलेल्या सतरंज्यांवर झोपत होते. कित्येक लाइफ जॅकेटांचे पट्टे तुटलेले, सुतळीने बांधलेले. एक पाळी संपून दुसरी सुरू व्हायची तेव्हा माणसं तीच असायची. मला वाटायचं, आपण इथे आमटी-भात वाढतो म्हणजे ज्यांनी हे करायला हवं त्यांना आपण झोपू देतो. एका दुपारी मी हे मावशींना सुनावलं. पत्रकाचा मसुदाही वाचून दाखवला.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "छाप. आधी ते मोजे पालट, करपतील."

मोज्यांवर इस्त्री करणं हे माझं काम होतं. ही पण मावशींची युक्ती. हवा इतकी दमट की दोरीवरचं काही वाळत नव्हतं, आणि दिवसभर ओल्या मोज्यांत राहून जवानांची बोटं सोलून निघाली होती. म्हणून वर्गातल्या एका टेबलावर घोंगडी टाकून तिथे इस्त्री ठेवली. माणसाने यायचं, मोजे द्यायचे, बाकावर अनवाणी बसायचं आणि मोजे वाळून हातात येईपर्यंत थांबायचं. दुसऱ्या वर्गात मंडळाने ‘मानसिक आधार कक्ष’ असा कापडी फलक लावून दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. त्या खुर्च्यांवर शेवटपर्यंत कोणी बसलं नाही. बोलणं झालं ते सगळं माझ्या इस्त्रीपाशी. मोजे दुसऱ्याच्या हातात असले की माणसाला उठून जाता येत नाही. आणि समोरच्याचं लक्ष इस्त्रीवर आहे म्हटल्यावर बोलायला फारसं अवघड जात नाही. कुणी बायकोबद्दल बोललं, कुणी साहेबाला शिव्या दिल्या, एक लाइनमन खांबावर चढताना गाणी म्हणतो ती त्याने म्हणून दाखवली. मी वाफ काढत राहिले.

बोट चालवणारा एक होमगार्ड मात्र येऊन बसायचा आणि काहीच बोलायचा नाही. चाळिशीचा, आडव्या अंगाचा माणूस. जेवण घ्यायचा नाही, फक्त चहा, आणि तोही डाव्या हाताने. उजवा हात मांडीखाली दाबून ठेवायचा. मावशींना वाटलं मनगट मुरगळलं असेल. त्यांनी हात मागून घेतला, उलटसुलट फिरवून पाहिला, दाबून पाहिला.

"कहीं दुखता है?"

"नहीं अम्मा."

"फिर छुपाते क्यों हो?"

त्याने हात परत मांडीखाली घातला. मावशींनी आपलाच पहिला नियम मोडला होता, हे त्यांच्याही लक्षात आलं. त्या चहा आणायला निघून गेल्या.

तो बोलला तो आणखी एका दिवसाने, मी त्याच्या मोज्याची टाच दाबत असताना, माझ्याकडे न बघता. त्याची बोट एका वस्तीत गेली होती. बोटीत आधीच बाया आणि लहान मुलं होती, पाणी चढत होतं. शेवटच्या घराच्या गोठ्यात एक म्हातारा कमरेएवढ्या पाण्यात म्हशीला धरून उभा होता. त्याची बायको बोटीत बसली होती. तो यायला तयार नव्हता. म्हैस घेतल्याशिवाय येणार नाही म्हणत होता. याने समजावलं, हात जोडले, ओरडला. बोट घराच्या भिंतीवर आपटायला लागली, मुलं किंचाळायला लागली. मग याने त्या म्हाताऱ्याच्या तोंडात मारली.

"थप्पड़, बहनजी. खींच के," तो म्हणाला. "मेरे बाप की उमर का था."

म्हातारा एकदम गप्प झाला आणि लहान मुलासारखा बोटीत येऊन बसला. काठ येईपर्यंत त्याने याच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

"गाली दे देता तो ठीक था," तो म्हणाला.

त्याने आपल्या कमांडरला सांगून टाकलं होतं की आता मी बोट चालवणार नाही, माझा पट्टा जमा करून घ्या. कमांडर बरा माणूस होता. तो म्हणाला, तीन दिवसांनी पुढची तुकडी निघेल, तोपर्यंत विचार कर. पण एकदा नाही म्हणालास की यादीतून नाव जाईल, मग पुन्हा बोलावणं येणार नाही. वीस वर्षं या माणसाने दुसरं काही केलेलं नव्हतं. त्याला पाणी वाचता येत होतं, आणि त्या दिवसांत आमच्या भागात तेवढीच एक गोष्ट कामाची होती.

मी त्याला मोजे दिले. पुढच्या माणसाचे घेतले.

त्याच संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष आले. यांना आम्ही काका म्हणतो. यांचे पूर्वज दरबारात कारकुनीत होते आणि काकांच्या बोलण्यात अजूनही थोडी दरबाराची चाल आहे. माणूस मनाने चांगला, पण त्यांच्या मते जगात कोणतीही गोष्ट शाल आणि श्रीफळ दिल्याशिवाय पुरी होत नाही. मंडळात कोणी दहावी पास झालं, कोणी निवृत्त झालं, कोणाची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तरी सत्कार. काकांनी आल्या आल्या हात चोळत जाहीर केलं की परवा संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात जवानांचा सत्कार आहे.

"आणि ऐक, खरी गंमत पुढे आहे," ते मला म्हणाले. "किला गेटजवळच्या धर्मशाळेत पूरग्रस्तांना ठेवलंय ना, तिथे मी स्वतः गेलो होतो. एक म्हातारा भेटला. त्याला ज्याने काढलं तो बोटवाला आपल्याच इथे आहे. त्या म्हाताऱ्याच्याच हातून त्याला शाल द्यायची. स्टेजवर. बघ, लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल."

माझ्या हातातली इस्त्री तशीच राहिली. घोंगडी करपल्याचा वास आला तेव्हा मी ती उचलली.

"काका, सत्कार रद्द करा."

"का?"

"माणसं दमलीत."

"दमलेल्याला शाल पांघरायची नाही तर काय फटके द्यायचे?"

मी जीभ चावली. "त्यांना शाल नकोय. कोरड्या सतरंज्या हव्यात, धड जॅकेटं हवीत. तुम्ही नारळ देऊन त्यांना गप्प करताय. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तुझ्याकडे तत्त्वाशिवाय दुसरं काही असतं का गं?" काका म्हणाले. "तुझ्या बापानेही माझ्या मुलाच्या लग्नात आहेर घेतला नाही, तत्त्वाचा प्रश्न म्हणून. जेवून मात्र गेला. बासुंदी दोनदा घेतली."

"बासुंदीबद्दल बाबांचं काही तत्त्व नाही."

"तेच म्हणतोय. दरवेळी विरोध करायचा म्हणून करू नये. मला एक कारण सांग, खरं कारण, मी आत्ता रद्द करतो."

खरं कारण माझ्या जिभेवर होतं. एक वाक्य बोलले असते तर काम झालं असतं. पण ते वाक्य माझं नव्हतं. आयुष्यभर मी मानत आले की खरं झाकणारा नेहमी कोणातरी बलवानाची बाजू घेत असतो. इथे ते झाकलं तर एका दमलेल्या माणसाची लाज राहणार होती आणि उघडं केलं तर तीच शंभर खुर्च्यांपुढे जाणार होती. बाबांच्या एकाही पत्रकात याचं उत्तर नव्हतं.

"सांगता येत नाही," मी म्हणाले.

"मग परवा संध्याकाळी सहा वाजता," काका म्हणाले आणि खुर्च्यांची सोय बघायला गेले.

मावशींना मी इतकंच विचारलं की, नियम न मोडता हे कसं थांबवायचं. त्यांना बोटवाल्याने काही सांगितलं नव्हतं. पण मेट्रनचं आयुष्य काढलेल्या बाईला फार सांगावं लागत नाही.

"तुला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "त्याला येईल. कार्यक्रमाचं त्याला कळायला नको का? ते काही गुपित नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो नेहमीप्रमाणे मोजे घेऊन आला. मी कार्यक्रमाचं सांगितलं. शाल कोण घालणार आहे, तेही सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"मैं आज ही घर निकल जाता हूँ," तो म्हणाला. "पट्टा साहब की मेज पे रख दूँगा."

"निकल जाओ," मी म्हणाले. "पर वो बूढ़े बाबा वहीं रहेंगे, किला गेट पे. इतनी दूर नहीं है. मेरे पास स्कूटी है."

मी मोज्यांवरून दुसऱ्यांदा इस्त्री फिरवली, मग तिसऱ्यांदा. ते कधीचे वाळले होते. शेवटी ते त्याच्यापुढे ठेवले. ते हातात धरून तो इतका वेळ बसला की मागचे दोघं आपापले मोजे घेऊन गेले. मग त्याने ते घातले, बूट बांधले आणि बाहेर माझ्या स्कूटीपाशी जाऊन उभा राहिला.

एवढा आडवा माणूस मागे बसल्यावर स्कूटीचं पुढचं चाक रस्ता सोडतं की काय असं वाटत होतं. वाटेत जागोजागी पडलेली झाडं, कापून रचलेले ओंडके. तो एकदाच बोलला.

"बहनजी, ब्रेक तो लगता है ना?"

"लगता है. थोड़ा पहले से लगाना पड़ता है."

"हे भगवान," तो म्हणाला. पुरात बोट चालवणारा माणूस माझ्या स्कूटीवर जीव मुठीत धरून बसलाय, याचं मला बरं वाटलं.

धर्मशाळेत जिन्याखाली एका खाटेवर म्हातारा बसला होता, शेजारी जमिनीवर त्याची बायको तांदूळ निवडत होती. हा दारातच थबकला. म्हाताऱ्याने त्याला पाहिलं आणि लगेच ओळखलं.

"जई है," तो बायकोला म्हणाला. हाच तो.

बायकोने पदर पुढे ओढला आणि उठून तांब्याभर पाणी आणलं. दारात आलेल्याला पाणी, मग तो कोणीही असो. याने तांब्या डाव्या हातात घेतला आणि तसाच उभा राहिला. मग तांब्या खाली ठेवून म्हाताऱ्याच्या पायांशी वाकला. म्हाताऱ्याने पाय वर ओढून घेतले.

"गोड़े मत छू."

मी परत फिरायच्या तयारीत होते. मला वाटलं, मीच याला इथे आणून आणखी खाली ढकललं. तेवढ्यात म्हातारा भिंतीकडे बघत म्हणाला, "हमाई भैंस बँधी रह गई." थोड्या वेळाने पुन्हा, तेच शब्द. त्याची बायको तांदळात बोटं घालून बसली होती. मला कळलं, म्हातारा त्या जिन्याखाली आल्यापासून हे वाक्य बऱ्याचदा बोलून झालेलं आहे. त्याला थोबाडीत बसल्याचं दुःख नव्हतं, निदान ते पहिलं नव्हतं. दावणीला बांधलेलं जनावर पाण्यात सोडून तो आला होता, आणि त्याला डोळ्यांपुढे तेवढंच दिसत होतं.

बोटवाला अजून जमिनीवरच होता. त्याने मान वर केली.

"बँधी नहीं थी, बाबा. रस्सी मैंने काट दी थी."

"कब?"

"आपको बिठाया, उसके बाद. चाकू से. आपकी पीठ थी उधर."

म्हाताऱ्याने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

"खूँटे से काटी, कै गले से?"

"गले से. खूँटे से काटता तो रस्सी घसिटती, कहीं अटक जाती."

म्हाताऱ्याने बायकोकडे पाहिलं. बायको रडत होती, पण तिचे हात पुन्हा तांदूळ निवडायला लागले होते. तो कितीतरी वेळ मान हलवत राहिला.

"तो फिर ठीक है," तो म्हणाला. "तैरबो तो बाय आत है." पोहता तर येतंच तिला.

मी जिन्याच्या पायरीवर बसले. मला तिथे करण्यासारखं काही नव्हतं. मग म्हाताऱ्याने आपला गाल चोळला, जणू आत्ताच आठवलं.

"इत्ती जोर से तो हमाए बाप ने नईं मारो कभऊँ."

बोटवाल्याच्या तोंडून हुंदका निघाला की हसू, मला सांगता येणार नाही. म्हातारी मात्र नक्की हसली. "मारबो चइए तो," ती पदराआडून म्हणाली. "हम तो चालीस साल से कै रए, जे सीधे से नईं मानत." मारायलाच हवं होतं. चाळीस वर्षं सांगतेय, हा सरळ सांगून ऐकत नाही.

म्हाताऱ्याने तिकडे लक्ष दिलं नाही. त्याने तांब्याकडे बोट दाखवलं. "पी ले." बोटवाल्याने तांब्या उचलला, पुन्हा डाव्या हाताने. म्हातारा एकदम खेकसला.

"पानी दाएँ हाथ से पियो जात है. काऊ ने सिखाओ नईं?"

बोटवाल्याने तांब्या खाली ठेवला. मग उजवा हात पुढे आला, त्याने तांब्या उचलला आणि सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं. पाणी त्याच्या गळ्यावरून सदऱ्यात उतरलं.

थाटीपुरला परतल्यावर तो थेट स्वयंपाकाकडे गेला आणि ताट घेऊन पंगतीत बसला.

सत्कार झाला नाही. म्हणजे काकांच्या मनात होता तसा झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या बाजूला पुन्हा पाऊस लागल्याची खबर आली आणि तुकडीला ठरल्यापेक्षा लवकर निघायचा हुकूम आला. शाळेच्या मैदानात ट्रक उभा, मागे बोट बांधलेली, आम्ही पोळ्यांची पुडकी चढवत होतो. कमांडर वही-बिही काही न काढता बोटवाल्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने फक्त भुवया उंचावल्या. बोटवाल्याने कमरेच्या पट्ट्यावर थाप मारली आणि बोटीची दोरी तपासायला गेला. एवढंच बोलणं झालं.

तेवढ्यात फाटकातून एक रिक्षा शिरली. तीत काका, काकांच्या मांडीवर शालीची पिशवी, आणि शेजारी तो म्हातारा, ताठ बसलेला. काकांना मावशींनी फोन केला होता. काय सांगितलं ते मी विचारलं नाही. काका घामाघूम होऊन उतरले.

"फोटोग्राफर सहाला येणार होता," ते सगळ्यांना सांगत होते. "हार पण सहालाच येणार होते."

"काका, शाल द्या," मावशी म्हणाल्या.

म्हाताऱ्याने शाल घेतली. ना स्टेज, ना खुर्च्या, ना भाषण. लाइफ जॅकेटवर ती शाल काही बसेना, घसरत होती. म्हाताऱ्याने ती दोनदा नीट केली आणि वर नारळ पुढे केला. बोटवाल्याने उजवा हात पुढे केला, त्याखाली डावा टेकवला आणि नारळ घेतला. मग वळून त्याने तो बोटीच्या नाकावर फोडला. पाणी बोटीवर उडालं. जवानांनी खोबऱ्याचे तुकडे वाटून घेतले आणि एक तुकडा काकांच्याही हातात आला.

काका तो चावत चावत जवळ उभ्या असलेल्या एका जवानाच्या जॅकेटकडे बघत राहिले. पट्ट्याच्या जागी सुतळी होती, तीन गाठी मारलेली. त्यांनी ती बोटाने ओढून पाहिली.

"हे असं घालून पाण्यात जातात?"

"मी तेच म्हणत होते," मी म्हणाले. "तुम्ही बासुंदीवर गेलात."

ट्रक सुरू झाला तेव्हा बोटवाल्याने शाल काढली, घडी घातली आणि वाकून माझ्याकडे दिली.

"भीग जाएगी. इस्त्री करके रखना, आके लूँगा."

ते पत्रक छापलं गेलं, पिवळ्या कागदावर. कोरड्या अंथरुणाची, धड जॅकेटांची, पाळी संपल्यावर खऱ्या विश्रांतीची मागणी होती. खाली पहिली सही काकांची. सही करण्याआधी त्यांनी माझी दोन विशेषणं आणि सगळी उद्गारचिन्हं खोडली. "मागणी आहे ना? मग ओरडतेस कशाला," म्हणाले. मी भांडले, पण खोडलेलं वाचून पाहिलं तेव्हा ते जास्त कडक वाटत होतं. ते घेऊन आम्ही जिथे द्यायचं तिथे दिलं. आधी सतरंज्या आल्या. जॅकेटांना वेळ लागला, पुन्हा पुन्हा जावं लागलं, आणि दरवेळी काका कोट घालून बरोबर आले. बाबांनी हे ऐकलं तेव्हा त्यांनी काकांना जेवायला बोलावलं.

म्हशीचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. म्हातारा-म्हातारी पाणी ओसरल्यावर गावी गेली. जाताना म्हातारा म्हणत होता की खालच्या गावांतून विचारत विचारत जाणार.

बोटवाला तुकडीबरोबर परत आला. अंगभर चिखल, डोळे लाल, पण आल्या आल्या इस्त्रीपाशी बसला आणि मोजे टेबलावर टाकले. मी शाल दिली. तिचा एक कोपरा माझ्या हातून जरासा करपला होता. त्याने तो पाहिला, बोटाने चाचपला आणि शाल मांडीवर ठेवली. हे लिहू का, असं मी त्याला तेव्हाच विचारलं. तो थोडा विचार करून म्हणाला, "लिख दो. नाम किसी का मत लिखना. और थप्पड़ भी लिखना, छुपाना मत."

मग ताट आलं. त्याने उजव्या हाताने भात कालवला, पहिला घास घेतला आणि कपाळाला आठी घालून मावशींकडे पाहिलं. बाकीच्यांच्या सांगण्यावरून त्या दिवसापासून आम्ही डाळ त्यांच्या पद्धतीने करायला लागलो होतो.

"अम्मा," तो म्हणाला, "आज गुड़ नहीं गिरा?"